रामोजीरावांची लांब पट्टी

रामोजीरावांची फूटपट्टी फुटाहून एक सूत लांब होती. जेवतानासुद्धा ती त्यांच्या धोतरात खोचलेली असे. कुणी हात लावला, की तंजावूरची आमची अख्खी फाउंड्री हादरे.

मी कागदावर चाक काढायचं, रामोजीरावांनी त्याचा लाकडी पॅटर्न करायचा, मग वाळूत साचा घेऊन वितळवलेलं बीडाचं लोखंड ओतायचं, असं आमचं काम चाले. बीड निवताना आखडतं, म्हणून ती लांब पट्टी. घरी दोघंही मराठी बोलणारे, त्यामुळे मला शिव्या मराठीत मिळत आणि बाकीच्यांना तमिळमध्ये. "कागद अस्कि, सगळं सगळं ऐकून घेतो रे," ते ओरडत, "बीड ऐकून घेत नाही!"

पापनाशमच्या भातगिरणीचं दातेरी चाक मोडलं. सुगीचे दिवस, भात अंगणात पडून. मी नवा शहाणा. पुस्तकात वाचून नव्या चाकाची सगळी मापं कागदावरच वाढवली आणि कुणाला सांगितलंही नाही. रामोजीरावांनी नेहमीप्रमाणे आपली पट्टी लावली. चाक दोनदा वाढलं आणि गिरणीत दाताला दात बसेना.

"चूक कुणाची? त्याला घरी घालवतो!" मालक गरजले. खुद्द मालकांना चाकाचे दात मोजता येत नव्हते!

माझं लग्न महिन्यावर आलं होतं. मी वाकून चाकाचे दात मोजू लागलो. रामोजीरावांनी माझा कागद पाहिला, जुन्या मोडक्या चाकाला पट्टी लावली, आणि त्यांना कळलं.

"माझी पट्टी चुकली," ते म्हणाले.

त्यांच्याशिवाय पॅटर्न कोण करणार? म्हणून त्यांची नोकरी राहिली. पट्टी मात्र मालकांनी खणात कुलूपबंद केली. यापुढे माप मी वाढवायचं, त्यांनी साध्या पट्टीनं कापायचं.

"काका, खोटं कां बोललात?" मी चिडून विचारलं.

"तुझ्या घरी बायको येणार रे! माझी नोकरी गेली तर घरी विचारायला कोण आहे?"

दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. हळूच म्हणाले, "किती कापूं? सांगा तुम्ही."

तुम्ही! मला! माझं डोकंच फिरलं. मालकांचा राग आला, रामोजीरावांचा आला, सगळ्यांत जास्त माझा आला. तसाच जिना चढलो आणि खरं सांगून टाकलं. मालकांनी मला तिथल्या तिथे काढलं आणि पट्टी टेबलावर आपटली.

मी ती नेऊन रामोजीरावांच्या हातात दिली. त्यांनी धोतरात खोचली आणि दोन्ही हातांनी माझी कॉलर धरली.

"मूर्खा! मग मी कशाला खोटं बोललों रे?"

पाचचा भोंगा झाला तरी त्यांनी कॉलर सोडली नाही.