तीन टाक्यांची मोटार

मालगुजारी, म्हणजे तिकडची जमीनदारी, गेल्यावर देवळीचे कापसाचे व्यापारी नानाजी यांनी एका माजी मालगुजाराची जुनी मोटार घेतली आणि तिच्यात लढाईतल्या भंगार ट्रकचं इंजिन बसवलं. हेतू शुद्ध होता. तुला आपल्या मोटारीतून समुद्रपूरला माहेरी नेईन, असा शब्द त्यांनी शकुंतलाबाईंना लग्नातच दिला होता. आता भाचीचं लग्न तोंडावर आलं होतं आणि बाईंनी ठेवणीतलं लुगडंही काढून ठेवलं होतं. प्रश्न एवढाच उरला होता की नव्या इंजिनाला प्यायला काय द्यायचं आणि कुठून.

तानबा मिस्त्रीने तो दुपारपर्यंत सोडवला असता. पण नानाजींनी तो पारावर बोलून दाखवला. संध्याकाळी 'मोटार इंधन पुरवठा विचार समिती' स्थापन झाली आणि मोटार घरची म्हणून नानाजींनाच अध्यक्ष केलं.

लढाईत ट्रक चालवून आलेले रूपराव म्हणाले, टाकी पुढे उंचावर हवी, म्हणजे पेट्रोल आपोआप खाली उतरतं. सोसायटीचे प्रभाकरराव यांनी यावर तीव्र मतभेद नोंदवला. चढावर मोटारीचं तोंड वर झालं की पेट्रोल उतरायचं थांबेल, मग काय घाट उलटा चढायचा? त्यांना टाकी मागे आणि इंजिनावर पंप हवा होता. खादीवाल्या बापूजींना पेट्रोलच नको होतं. लढाईत बसगाड्या कोळशाच्या गॅसवर धावल्या होत्या. स्वराज्यात परदेशी तेल जाळणं त्यांच्या मते शोभणारं नव्हतं.

तिघांचंही म्हणणं बरोबर होतं, आणि घोडं तिथेच पेंड खात होतं. तोरणाखालून आधी कोणाची जोडी जाणार यावरून ज्या गावात पोळा अडतो, तिथे एकाची टाकी लावून दोघांचा मान मोडायची नानाजींची छाती नव्हती. त्यांनी तिन्ही लावायचा ठराव मांडला. तानबाला 'नाही' म्हणता येत नसे.

"लागते न जी," तो म्हणाला. "काऊन नाई लागनार?"

रूपरावांच्या उंच टाकीसाठी पुढची काच काढली. प्रभाकररावांची टाकी मागच्या सीटच्या जागी गेली. बापूजींची कोळशाची भट्टी ड्रायव्हरशेजारी उभी राहिली आणि कोळशाची पोती उरल्यासुरल्या जागेत कोंबली. समितीने समाधान व्यक्त केलं.

निघायच्या दिवशी शकुंतलाबाई हळदकुंकवाचं ताट घेऊन आल्या. त्यांनी मोटारीला ओवाळलं आणि एक फेरी मारली.

"मी कुठी बसू?"

हा मुद्दा कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता, असं बापूजींनी नम्रपणे निदर्शनास आणलं. शिवाय त्याहून गंभीर प्रश्न पुढे होता. इंजिन पहिल्यांदा सुरू कोणाच्या टाकीवर करायचं? रूपराव उठून चालू लागले, त्यांना परत आणलं. मग प्रभाकरराव उठले. तातडीची बैठक तिथेच सुरू झाली.

तेवढ्यात नाक्यावर बसचा भोंगा वाजला. शकुंतलाबाईंनी ताट ठेवलं आणि गाठोडं उचललं.

"तुमचं ठरवून ठेवजा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मी लगन लावून येतो."

धावत जाऊन त्याच बसमध्ये चढावं असं नानाजींना फार वाटलं. पण ते अध्यक्ष होते आणि बैठक चालू होती.

बाई परत आल्या तेव्हाही ती चालूच होती. लग्नातले लाडू सर्वांनी आवडीने खाल्ले. मोटार अजून अंगणात आहे. रोज पुसली जाते, आणि आतल्या कोळशाच्या पोत्यांवर मांजर व्यालं आहे.

तुम्हाला मघापासून वाटतच असेल की आधी पेट्रोलवर सुरू करून मग गॅसवर घेतली असती तर काय बिघडलं असतं. सूचना चांगली आहे. देवळीला या. मोटारीत जागा नाही, पण समितीत तुमची खुर्ची मांडून ठेवली आहे.