मिलिंद वसंतोविच आणि त्यांची मुलगी

ऑकलंडच्या टाकानिनी भागात आमच्या गल्लीत मला सगळे ‘मिल’ म्हणतात. माउंट वेलिंग्टनच्या ऑफिसातही मी मिलच. शेजारचे रशियन आजोबा तेवढे कुंपणापलीकडून खणखणीत आवाजात ओरडतात, “मिलिंद वसंतोविच! कचऱ्याचा डबा आज बाहेर!” वसंत हे माझ्या वडिलांचं नाव, ते या देशात दुसरं कोणी घेत नाही. आजोबांनी ते पहिल्याच भेटीत विचारून घेतलं होतं. त्यांच्या मते वडिलांचं नाव न जोडता माणसाला नुसत्या नावानं हाक मारणं म्हणजे त्याला बनियनवर दारात उभं करणं.

आजोबा गणिती. धातूला तडा कुठून जातो आणि कुठवर जातो, याचं गणित मांडण्यात त्यांची हयात गेली. तिकडे मोठ्या संस्थेत विभागप्रमुख होते. झाडूवालीसुद्धा त्यांना ‘निकोलाय मात्वेयेविच’ म्हणायची. मग ती संस्थाच मोडीत निघाली आणि ते बायको लिदा आणि लहान मुलीला घेऊन ऑकलंडला शिकवायला आले. पहिल्याच तासाला जांडल्स, म्हणजे रबरी चपला, घातलेला एक विद्यार्थी नमस्कारादाखल म्हणाला, “किया ओरा, निक!” तो निक त्यांना कायमचा चिकटला.

“इंग्रजीत निक म्हणजे खाच,” ते मला म्हणाले. “तडा तिथूनच सुरू होतो. माझ्याच विषयातली शिवी मला दिली!”

एवढं ऐकून मी काय करावं? त्यांना ‘निककाका’ म्हणू लागलो. काका लावलं की आदर पुरा झाला, अशी आपली माझी समजूत. तशी त्यांची माझ्याबद्दलची अपेक्षा आधीच संपलेली होती. मी इंजिनियर आहे म्हटल्यावर त्यांनी मोठ्या आशेनं मला एक समीकरण दाखवलं होतं. मी इथल्या पद्धतीनं ‘झकास’ अशा अर्थी म्हणालो, “स्वीट ॲज!” तेव्हापासून ते माझ्याशी फक्त कचऱ्याबद्दल बोलतात.

माझ्या बायकोला, स्नेहाला, त्यांनी मधलं नाव विचारलं. तिनं पासपोर्टावरचं सांगितलं, मिलिंद. झालं! ती ‘स्नेहा मिलिंदोव्हना’ झाली, म्हणजे माझी मुलगी. गल्लीच्या बार्बेक्यूत त्यांनी सगळ्यांना कौतुकानं सांगितलं की मी पोरीला एकट्यानं वाढवलंय. लोकांनी माझ्या टकलाकडे बघून माना डोलावल्या. एकालाही शंका आली नाही, हेच मला जास्त लागलं.

परवा रविवारी ते आमच्या अंगणात चहाला आले, तेव्हा स्नेहानं एकदाचा खुलासा केला. “काका, मिलिंद माझा हजबंड आहे. आमच्यात लग्न झालं की वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं.”

त्यांनी कप खाली ठेवला. “मग वडील कुठे जातात?”

“सुरेश,” स्नेहा हळूच म्हणाली. “बाबांचं नाव सुरेश.”

“स्नेहा सुरेशेव्हना,” त्यांनी उठून, कमरेत वाकून म्हटलं. ती हसली आणि तिनं डोळे पुसले.

मग ते कपाकडे बघत म्हणाले, “लिदा चिडली की स्वयंपाकघराच्या दारातून मला पूर्ण नावानं हाक मारायची. आणि चिडायची हीप्स, अगदी ढिगानं. मुलगी डॅड म्हणते, ते ठीकच आहे. पण लिदा गेल्यापासून मी नुसता निक उरलोय. तुम्ही एकदा पूर्ण नाव म्हणता?”

मी घाईघाईनं सुरू केलं आणि ‘मात्वे’वरच अडखळलो. त्यांनी मास्तरांसारखी फोड करून दिली. पुन्हा चुकलो. शेवटी मी आणि स्नेहा एकदमच, चांगलं मोठ्यानं म्हणालो, “निकोलाय मात्वेयेविच!”

“आलो!” म्हणत ते चटकन उठले, आणि वळले ते कुंपणापलीकडच्या आपल्या स्वयंपाकघराच्या दाराकडे.