निळ्यांच्या स्टँडचे एक्केचाळीस दोष

यादी करावी तर मीच. हे मी गर्वानं नाही, अनुभवानं सांगतो. विमा कंपनीत बावीस वर्षं नुकसानीचे अहवाल लिहितोय. जळालेलं गोदाम असो की गळकं छप्पर, मी एकदा फिरून आलो की जागा, दोष, कधीपासून आणि सद्यस्थिती अशा चार रकान्यांत सगळं कागदावर उतरतं. माझ्या यादीत खोट काढणारा अजून जन्माला यायचाय, असं आमचे साहेबच म्हणतात. म्हणजे एकदा म्हणाले होते, आणि मी ते बारा वर्षं सगळ्यांना सांगतोय.

तर या हातानं मी आयुष्यात एकच यादी निव्वळ द्वेषापोटी लिहिली. तिचीच ही गोष्ट.

आमच्या शहरात फुटबॉलचे दोन क्लब. नदीच्या अलीकडे आम्ही लाल, पुलापलीकडे ते निळे. दर शनिवारी सकाळी आम्हा लालांची बैठक सलूनमध्ये भरते. सलूनवाला इतका कट्टर की दुकानात निळा टॉवेल ठेवत नाही. दुसरे दातांचे डॉक्टर, तिसरा बस ड्रायव्हर, चौथा मी. विषय कायम एकच, निळ्यांचे हाल.

"दोन महिने खेळाडूंचा पगार थकलाय म्हणे," डॉक्टर सुरुवात करायचे.

"पगाराचं काय घेऊन बसलात? वीज वाचवायला मैदानावरचे चार दिवे बंद ठेवतात. परवा त्यांच्या गोलकीपरला चेंडूच दिसला नाही," ड्रायव्हर म्हणायचा.

"दिवे होते तेव्हा तरी कुठे दिसायचा?" सलूनवाला विचारायचा, आणि ज्याची दाढी चालू असेल तोसुद्धा जिवावर उदार होऊन हसायचा.

दुसऱ्याच्या घरची गळती बघताना आपल्या डोक्यावरचं छप्पर फार मजबूत वाटतं, त्यातला प्रकार.

माझी अडचण एवढीच की एक निळा माझ्याच घरात राहतो. माझे सासरे. अडतीस वर्षं ते निळ्यांच्या पूर्वेच्या स्टँडमध्ये त्याच खुर्चीवर बसतात. शेजारची खुर्ची सासूबाईंची. त्या जाऊन सहा वर्षं झाली, तरी बाबा दर वर्षी दोन पास काढतात आणि त्या खुर्चीवर कुणालाही बसू देत नाहीत. बायको निळ्या घरात वाढून लाल घरात आली, त्यामुळे दोन्ही रंगांना सारखीच वैतागलेली असते.

एका शनिवारी डॉक्टर खास बातमी घेऊन आले. निळ्यांच्या पूर्वेच्या स्टँडचा सुरक्षेचा दाखला संपला होता. नवा हवा तर इंजिनियरकडून तपासणी करून घ्यायची, आणि इंजिनियरला द्यायला क्लबकडे दमडी नव्हती. म्हणून त्यांनी मुदतवाढीचा अर्ज केला होता. चार आठवड्यांनी लाल विरुद्ध निळे ही वर्षातली सगळ्यात मोठी मॅच, तीही त्यांच्या मैदानावर.

"म्हणजे स्टँडची खरी अवस्था कुणी सुरक्षा विभागाला कळवली, तर मुदतवाढ गेली बोंबलत," ड्रायव्हर म्हणाला.

"आणि मॅच आपल्या मैदानावर," सलूनवाला म्हणाला आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"कागद आणा," मी म्हणालो.

आता निळ्यांच्या स्टँडची आम्हाला एवढी माहिती कशी, असं तुम्ही विचाराल. सोपं आहे. वीस वर्षं आम्ही त्यांच्याकडे मॅचला जातोय आणि पाहुण्यांच्या गॅलरीत बसतोय. आपली टीम हरत असली की माणसानं बघायचं कुठे? समोर. आणि समोर पूर्वेचा स्टँड. मध्यंतरात चहाचा स्टॉलही त्याच्याच खाली. कुठल्या पत्र्याला भोक आहे, कुठल्या खांबाला तडा गेलाय, सगळं आम्हाला तोंडपाठ. ड्रायव्हरचा पाय ज्या पायरीवर मुरगळला ती पायरी त्यानं दिली. गटाराचं बसकं झाकण डॉक्टरांनी दिलं. पुरुषांच्या संडासाची आतून अडकणारी कडी सलूनवाल्याची. त्या कडीपायी त्याची एकदा अख्खी मॅच आत गेली होती. दोन तासांत एक्केचाळीस दोष झाले. खाली मी सही केली, 'एक हितचिंतक'. इतकं सुबक काम मी ऑफिसातही कधी केलं नव्हतं.

आठ दिवसांत स्टँडला कुलूप लागलं.

त्या दिवशी सलूनमध्ये सगळ्यांची दाढी फुकट झाली. मी शीळ घालत घरी आलो तर बाबा जेवणाच्या टेबलाशी बसलेले. पुढ्यात दोन पास. एकदा हा वर ठेवायचे, एकदा तो.

"बाबा, जेवलात का?"

"भूक नाही," ते म्हणाले. "क्लब बहुतेक बंद करतील आता. स्टँडच नाही तर तिकिटं कशाची विकणार? तिची खुर्ची तरी उचलून आणू देतील का, ते विचारायला हवं."

माझी शीळ घशातच राहिली. मला मॅच हवी होती हो, म्हाताऱ्या माणसाची खुर्ची नको होती. पण हे सांगायचं कुणाला? जेवण मलाही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तर बाबा दारातच उभे, चेहरा उजळलेला, हातात झेरॉक्स.

"जावईबापू, चमत्कार झाला. कुणा देवमाणसानं आमच्या स्टँडची तपासणी फुकटात करून दिली! बघा, एक्केचाळीस दोष, जागेसकट. विभागाच्या साहेबांनी क्लबच्या सेक्रेटरीबाईंना सांगितलं, इंजिनियरनंसुद्धा एवढं बारीक लिहिलं नसतं. मॅचच्या आत एवढं दुरुस्त करा, आम्ही यादी घेऊन तपासायला येतो, दाखला देतो. आमच्यात गवंडी आहेत, सुतार आहेत, लोहार आहेत. अडलं होतं ते नेमकं काय दुरुस्त करायचं इथे."

मी भिंतीला टेकलो.

"स्टँडवर जीव असल्याशिवाय माणसाला एवढं दिसत नाही," बाबा झेरॉक्सवरून हात फिरवत म्हणाले. "कोण असेल हो हा?"

बायकोनं ते कागद घेतले. दोन ओळी वाचल्या. मग फ्रिजवर लावलेली वाणसामानाची यादी काढली आणि शेजारी धरली. तिच्यात मीच लिहिलं होतं, 'तूरडाळ, सद्यस्थितीत अंदाजे दोन वाट्या शिल्लक.' ती मला स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"अहो, 'सद्यस्थितीत' लिहिणारा आणखी एखादा हितचिंतक आहे का या शहरात?"

"हळू बोल ना."

"बाबांना मी सांगणार नाही. पण यापुढे दर सुट्टीच्या दिवशी तुम्ही तिथे कामाला जाणार. सिमेंट कालवा, विटा उचला, काय वाटेल ते करा."

अशा रीतीनं मी, जन्माचा लाल, निळ्यांच्या स्टँडमध्ये घमेलं घेऊन उभा राहिलो. सगळ्यांना वाटलं, सासऱ्यांच्या मदतीला गुणी जावई आलाय. मीही मान खाली घालून विटा वाहत होतो. तासाभरानं मान वर केली.

गवंड्यांनी डावीकडच्या आठ धडधाकट पायऱ्या फोडून टाकल्या होत्या. लोहार डावीकडचा चांगला कठडा कापायच्या बेतात होता. आणि प्लंबर डावीकडच्या कोरड्या ठणठणीत भिंतीत ओल शोधून शोधून रडकुंडीला आला होता.

माझ्या लक्षात आलं. यादी लिहिताना आम्ही मनानं पाहुण्यांच्या गॅलरीत बसलो होतो. वीस वर्षं समोरून बघितलेला स्टँड. आमचं डावं ते त्यांचं उजवं. माझ्या निर्दोष यादीतला प्रत्येक दोष उलट्या बाजूला होता.

लोहारानं यंत्र सुरू केलं. आता गप्प बसलो असतो तर चांगला स्टँडही मोडला असता, वाईट तसाच राहिला असता, आणि मॅच आमच्या मैदानावर आली असती. एक क्षण, अगदी एकच क्षण, हा विचार मला फार गोड वाटला. मग बाबा दिसले. सासूबाईंच्या खुर्चीचे गंजलेले स्क्रू ते जुन्या टूथब्रशनं घासत बसले होते.

"थांबा!" मी ओरडलो. "तो नाही, उजवीकडचा! सगळं उजवीकडचं आहे!"

यंत्र थांबलं. सेक्रेटरीबाई पुढे आल्या. या बाई आयुष्यभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्यापुढे खोटं बोलायची सोय नव्हती.

"तुम्हाला कसं माहीत?"

"असा अंदाज."

"एक्केचाळीसच्या एक्केचाळीस?"

बाबा हातातला टूथब्रश ठेवून उठले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मैदानापलीकडच्या पाहुण्यांच्या गॅलरीकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं. हितचिंतक कोण ते कळलं, आणि पत्र कशासाठी लिहिलं तेही कळलं. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटायला लागलं. पण नेमका तेवढाच भाग गवंड्यांनी नुकताच पक्का केला होता.

"अहो, हेच ते," बाबा सगळ्यांना म्हणाले. "माझे जावई. लाजतात."

मग काय विचारता. मला खांद्यावर घेतलं. गळ्यात निळा मफलर आला. कुणीतरी फोटो काढला. शनिवारी सकाळी तो पेपरात होता, चांगला चार कॉलमी.

सलूनमध्ये गेलो तेव्हा पेपर अजून कुणी उघडला नव्हता. माझी अर्धी दाढी झाली आणि डॉक्टरांनी उघडला. सलूनवाल्यानं फोटो पाहिला आणि वस्तरा खाली ठेवला.

"उरलेली पुलापलीकडे करून घे," तो म्हणाला.

मी अर्ध्या गालावर साबण घेऊन सगळं सांगितलं. डावं-उजवं, दोन पास, खुर्ची. डॉक्टर खाकरले.

"तेवीस नंबर. ते गटाराचं झाकण. नीट बसवलं का त्यांनी?"

"बसवलंय, पण थोडं वाजतं."

"वाजणारच. खाली रबर घालायला पाहिजे. मी सांगितलं होतं तुला, तू लिहिलं नाहीस."

"आणि कडी?" सलूनवाल्यानं माझ्याकडे न बघता विचारलं.

"कडी अजून राहिलीय."

त्यानं वस्तरा पुन्हा उचलला. "लोकांना काय कळतंय त्या कडीतलं! ती वरून नाही, खालून अडकते. मलाच जावं लागेल."

"जाऊ या सगळेच," ड्रायव्हर म्हणाला. "खरं सांगू का, हे निळे बुडाले तर दर शनिवारी आपण बोलायचं कशावर? आपल्या टीमवर?"

हा विचार इतका भयंकर होता की दुपारी चौघेही पुलापलीकडे हजर होतो. डॉक्टर रबर घेऊन आले होते. सलूनवाला कडी बसवून दहा वेळा आत जाऊन बाहेर आला.

सुरक्षा विभागाचे साहेब यादी घेऊन आले आणि एकेका दोषावर खूण करत गेले. सतरा नंबरच्या, म्हणजे ड्रायव्हरचा पाय मुरगळलेल्या पायरीवर त्यांनी दोनदा उड्या मारल्या. मग दाखल्यावर सही केली. सेक्रेटरीबाईंनी चष्मा काढून पुसला, तो बराच वेळ पुसत राहिल्या.

मॅचच्या दिवशी मी पाहुण्यांच्या गॅलरीकडे वळलो तर बाबांनी दंडाला धरलं आणि हातात पास ठेवला. सासूबाईंचा.

"बाबा, मी लाल आहे."

"ठाऊक आहे. बसा."

मी बसलो. चहूकडे निळं, मध्ये मी. सत्तराव्या मिनिटाला आमच्या टीमनं गोल केला आणि मी दातांत रुमाल धरला.

"ओरडा, ओरडा," बाबा म्हणाले. "तीसुद्धा भलत्याच वेळी ओरडायची. मला सवय आहे."

मी ओरडलो. आजूबाजूच्या निळ्यांनी मोठ्या मनानं दुर्लक्ष केलं. शेवटच्या मिनिटाला निळ्यांनी बरोबरी केली तेव्हा अख्खा स्टँड नाचायला लागला आणि मी मात्र वळून त्या सतरा नंबरच्या पायरीकडे बघत होतो. हजार माणसं नाचली, पण ती जागची हलली नाही. खोटं कशाला बोलू, मीही थोडा नाचलो.

यानंतर महिन्याभरात आमच्या, म्हणजे लालांच्या मैदानाला तीच नोटीस आली. दाखला संपला होता, आणि इंजिनियरला द्यायला आमच्याही क्लबकडे पैसे नव्हते. सलूनमध्ये आम्ही चौघे चेहरे पाडून बसलो. आपल्या स्टँडला काय काय झालंय हे कुणालाच सांगता येईना. इतकी वर्षं आपल्या उत्तरेच्या स्टँडमध्ये बसून आम्ही त्याच्याकडे कधी बघितलंच नव्हतं.

तेवढ्यात दार उघडून बाबा आत आले. अडतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्या दुकानात पाय ठेवला. काखेत एक वही.

"आम्हीही पाहुण्यांच्या गॅलरीत बसायचो," ते म्हणाले. "त्रेसष्ट आहेत. जावईबापूंचं बघून चार रकाने पाडलेत. डावं-उजवं मात्र आठवणीनं तुमच्या बाजूनं लिहिलंय."

सलूनवाल्यानं उठून त्यांना स्वतःची खुर्ची दिली. मी वही उघडली आणि पहिला दोष मोठ्यानं वाचायला लागलो.

जागा: उत्तरेचा स्टँड, आठवी ओळ, बावीस नंबरची खुर्ची. दोष: जावई. कधीपासून: लग्नापासून. सद्यस्थिती: किंचित सुधारणा, लक्ष ठेवावे.