मागची उजवी जागा

थोरल्या बहिणीचं, शराफत आपांचं पत्र आलं तेव्हा अंगणातला जर्दाळू फुलला होता. आता जर्दाळू पिकले, खाऊन झाले, उरलेले गच्चीवर वाळूनही झाले, तरी अदहम मास्तरांनी त्या पत्राला उत्तर दिलं नव्हतं.

पत्र काही अवघड नव्हतं. "मी बरी आहे. यापुढे गुरुवारी मला न्यायला येऊ नये. गाडीला त्रास होतो. सानोबरला सांगणे, पिठाला ऊन दाखव." एवढंच. सानोबर म्हणजे मास्तरांची बायको, आणि दर गुरुवारी मास्तर आपांना रिश्तानहून कोकंदला आपल्या घरी जेवायला आणत. आपांची सगळी नोकरी रिश्तानच्या टपाल कचेरीत गेली होती. फोन हे यंत्र लग्न आणि मयत कळवण्यापुरतं. एरवी माणसाला काही म्हणायचं असेल तर त्याने तिकीट लावून म्हणावं, असं त्यांचं मत. मास्तर फोन करायचे. आपा उचलायच्या आणि विचारायच्या, "पत्र मिळालं का?"

"मिळालं, आपा, पण मी काय म्हणतो—"

"मग उत्तर येईलच," असं म्हणून त्या फोन ठेवायच्या.

मास्तरांनी कोकंदच्या शाळेत आयुष्यभर भूमिती शिकवली होती. दोन बिंदूंमधून एकच सरळ रेषा जाते हे त्यांना ठाऊक होतं. ती आपल्या दारापासून आपांच्या दारापर्यंत कशी न्यायची, एवढंच सुचत नव्हतं. आई गेली तेव्हा मास्तर चालायलाही शिकले नव्हते. त्यांना भरवलं, न्हाऊ घातलं, शाळेत नेऊन बसवलं ते आपांनी. त्या आपांना त्यांनी दुखावलं होतं, आणि तेही एका टायरपायी.

गाडी जुनी होती आणि जुन्या गाड्यांना होतात ते सगळे आजार तिला होते. हिवाळा संपता संपता मास्तरांच्या लक्षात आलं की मागचं उजवं टायर आतल्या कडेने पार गुळगुळीत झालंय. बाहेरून पाहावं तर नवं, आतून टक्कल. उरलेल्या नक्षीवरून हात फिरवला तर एका बाजूने मऊ लागे, उलट फिरवला की करवत. मास्तर गाडी घेऊन मिरवाली मिस्त्रीच्या गॅरेजात गेले; त्याला सगळे उस्ता म्हणत. सोबत शेजारचा गफूर होता. गफूरकडे गाडी नव्हती, त्यामुळे गाड्यांबद्दलची मतं भरपूर होती.

"हवा कमी असणार," गफूर म्हणाला.

"हवा कमी असती तर दोन्ही कडा झिजल्या असत्या," मिरवाली म्हणाला. तो गाडीच्या मागे जाऊन उकिडवा बसला, एक डोळा मिटून पाहिलं आणि जीभ टाळ्याला लावून आवाज काढला. "उजवीकडे बसलीय गाडी. स्प्रिंग दमलीय. मास्तर, या बाजूला कोण बसतं?"

मास्तरांनी टोपी काढली, परत घातली. "कोणी नाही. म्हणजे… माझी आपा बसते. गुरुवारी."

मिरवालीने मान खाली घातली. कोणाच्या मोठ्या बहिणीबद्दल असं तोंडावर कसं विचारायचं, हा त्यालाही प्रश्न पडला. "आपांची तब्येत कशी आहे?"

"देवाची कृपा. चांगली आहे."

"चांगली म्हणजे… किती चांगली?"

"बरीच चांगली आहे," मास्तर पुटपुटले.

"भरपूर चांगली आहे," गफूर मदतीला धावला. "मी पाहिलंय ना त्यांना! त्या दारातून आत आल्या की घर एकदम भरल्यासारखं वाटतं."

तेवढ्यात चहा आला आणि सगळ्यांची सुटका झाली. चहानंतर मिरवालीने स्प्रिंगखाली रबराची जाड चकती बसवली, नवं टायर चढवलं आणि हळूच सांगितलं, "आपांना आता डावीकडे बसवत जा. मी काही म्हणालो असं सांगू नका."

मास्तर सांगणार तरी काय होते? पण मागची उजवी जागा आपांची होती. गाडी घेतल्यापासून घरातल्या सगळ्यात थोर माणसाची ती जागा. गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे ते दार रस्त्याच्या कडेला उघडतं, धूळ कमी येते, आणि उतरल्यावर लोक आधी तिकडेच येऊन सलाम करतात. पुढच्या गुरुवारी मास्तर म्हणाले, "आपा, तिकडे ऊन लागेल." आपा म्हणाल्या, "लागू दे, हाडं शेकतील." त्याच्या पुढच्या गुरुवारी त्यांनी उजव्या सीटवर लोकरीची गादी ठेवली, आपांनी ती पाठीशी घेतली आणि "बरं केलंस" म्हणाल्या. शेवटी भूमिती कामाला आली. उजवीकडे भार आहे, तर तेवढाच डावीकडे ठेवावा. मास्तरांनी डाव्या सीटवर कांद्याची भलीमोठी गोणी ठेवली.

"हे कांदे कोणाला?" आपांनी विचारलं.

"कोणाला नाही. असेच."

"फिरायला नेतोस?"

गाडी आता दोन्हीकडून बसली आणि चढावर धापा टाकू लागली. नवं टायर जुन्यापेक्षा लवकर झिजायला लागलं. मास्तरांना रात्री झोप येईना. आणि मग तो गुरुवार उजाडला, ज्या दिवशी गफूरला रिश्तानहून मडकं आणायचं होतं.

परतताना पंपावर गाडीत गॅस भरायला थांबावं लागलं. नेहमीप्रमाणे सगळे प्रवासी फाटकाबाहेर उतरले आणि बाकावर जाऊन बसले. तिथे आधीच निम्मा जिल्हा बसला होता. आपांना उतरायला वेळ लागे. त्या उतरण्याआधी मास्तरांनी वाकून, किती फट उरते ते पाहायला, टायर आणि मडगार्डच्या मधे बोटं घातली. त्या उतरल्यावर परत घातली. खात्री व्हावी म्हणून गुडघ्यावर बसून तिसऱ्यांदा घातली.

"काय शोधतोस रे तिथे?" बाकावरून आपांनी विचारलं.

"हवा पाहतोय, आपा."

गफूरने मात्र हे पाहिलं होतं, आणि एखादी गोष्ट कळल्यावर ती पोटात ठेवणं त्याला कधीच जमलं नव्हतं. तो आनंदाने ओरडला, "मास्तर, बघितलंत? आपा उतरल्या आणि गाडी तरंगायलाच लागली! उस्ता म्हणाला ते खोटं नाही!"

बाकावरचे सगळे आधी गाडीकडे आणि मग आपांकडे पाहू लागले. एका म्हातारीने डोक्यावरचा रुमाल तोंडावर ओढला.

"उस्ता काय म्हणाला?" आपांनी विचारलं.

ही वेळ होती. मास्तरांनी एक शब्द बोलायला हवा होता. गफूरला गप्प करायला हवं होतं, किंवा निदान हसायला तरी. पण त्यांचं लाजरं तोंड उघडलं आणि त्यातून आलं, "काही नाही, आपा. हवामानाबद्दल म्हणाला."

आपा परत गाडीकडे आल्या. त्यांनी डावीकडचं दार उघडलं, कांद्याची गोणी दोन्ही हातांनी उचलून स्वतःच्या जागेवर ठेवली आणि गोणीच्या जागेवर स्वतः बसल्या. कोकंद येईपर्यंत त्या खिडकीवरची मूठ धरून, सीटच्या काठावर बसल्या होत्या. पूर्ण टेकलं तर काहीतरी मोडेल असं वाटत असल्यासारख्या. आरशात मास्तरांना गोणी दिसत होती. आपा दिसत नव्हत्या.

पुढच्या आठवड्यात पत्र आलं.

"तुम्ही काहीच बोलला नाहीत?" सानोबरने विचारलं.

"मी काहीच बोललो नाही."

"तेच तर विचारतेय," ती म्हणाली आणि पिठाला ऊन दाखवायला निघून गेली.

गुरुवार येत राहिले. सानोबर सवयीने एक ताट जास्त घेई आणि मग परत ठेवी. उन्हाळ्यात मास्तरांच्या मुलाला मुलगा झाला. घरात आनंद झाला आणि त्या आनंदातच सगळ्यांना एकच गोष्ट आठवली: बाळाला पहिल्यांदा पाळण्यात ठेवायचा दिवस. मास्तरांना त्यांच्या पाळण्यात आपांनी ठेवलं होतं, त्यांच्या मुलालाही आपांनीच. सानोबरने सरळ सांगितलं, "आपा आल्या नाहीत तर पाळणा रिकामा राहील. मी दुसऱ्या कोणाच्या हातात पोर देणार नाही. तुम्ही आणि तुमचं टायर बघून घ्या."

पाहुण्यांच्या सामानासाठी गाडी लागणार होती, म्हणून मास्तर ती धुवायला बसले. मागच्या उजव्या चाकाशी आले आणि त्यांच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. टायर आतल्या कडेने टक्कल पडलेलं होतं. हात फिरवला तर करवत. वसंतापासून त्या जागेवर कोणी बसलं नव्हतं.

त्यांनी गाडी मिरवालीकडे नेली. या खेपेला गफूरला नेलं नाही, पण तो गॅरेजात आधीच पोचला होता.

"आता कोण बसतं?" मिरवालीने विचारलं.

"कोणी नाही."

"अजिबात कोणी नाही? कांदे?"

"कांदे खाल्ले," मास्तर म्हणाले.

मिरवालीने गाडी सपाट जागी घेतली, सगळ्यांना लांब उभं केलं आणि पुन्हा एक डोळा मिटला. रिकामी गाडी उजव्या बाजूला कलून उभी होती, खांद्यावर अदृश्य ओझं असल्यासारखी. त्याने डिकी उघडली. आत गॅसचा सिलिंडर होता. लोखंडी, लांबलचक, आणि मधे नाही, पार उजव्या भिंतीला चिकटून बसवलेला.

"हा असा कोणी बसवला?"

मास्तरांना आठवलं आणि त्यांचे कान लाल झाले. "मीच सांगितलं होतं बसवणाऱ्याला. डावीकडे जागा मोकळी ठेव म्हणून."

"कशाला?"

"मेंढी आणायची झाली तर तिला पाय पसरता यावेत म्हणून."

"आणल्या किती मेंढ्या?"

"एक," मास्तर म्हणाले. "तीसुद्धा बसली नाही. उभीच राहिली."

मिरवालीने पहार घेतली, गाडीखाली सरपटला आणि मागच्या आसाच्या उजव्या सांध्यात ती घालून एक झटका दिला. सांध्यात बसवलेल्या बुशचं रबर वाळक्या जर्दाळूसारखं भुगा होऊन त्याच्या छातीवर पडलं. तो बराच वेळ बाहेर आला नाही.

"मास्तर," खालूनच त्याचा आवाज आला, "हा सांधा केव्हाच गेलाय. आस तिरका होऊन चाक घासत चालतंय. नुसत्या भाराने टायरला करवत येत नाही, हे मलाही कळतं हो."

"मग त्या दिवशी?"

"त्या दिवशी पहार घेतली होती हातात. पण आपांचा विषय निघाला, मला लाज वाटली, आणि चहा आला." त्याने छातीवरचा भुगा झटकला. "आपांचं कारण मिळाल्यावर खाली कोण सरपटतो?"

मिरवालीने लाजेने तपासलं नाही, आपण लाजेने विचारलं नाही, आणि त्या लाजेचं ओझं सगळ्यांनी मिळून एका म्हाताऱ्या बाईच्या पदरात टाकलं, हे मास्तरांना कागदावर काढलेल्या आकृतीसारखं स्पष्ट दिसत होतं. मिरवालीने बुश बदलले, चकती काढून स्प्रिंग नवी घातली, सिलिंडर मधे घेतला, टायर चढवलं. गाडी सरळ उभी राहिली. मास्तरांची मात्र मान वर होईना.

घरी येऊन ते उत्तर लिहायला बसले. पानभर लिहून झाल्यावर सानोबरने वाचलं.

"आस, बुश, सिलिंडरचं वजन, आकृती… हे बहिणीला पत्र आहे की गॅरेजचं बिल?"

"कारण समजायला हवं ना त्यांना."

"कारण त्यांना हवंय असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

मास्तरांनी दुसरा कागद घेतला. मग तिसरा. शेवटी जे उरलं ते जवळपास आपांच्या पत्राएवढंच लहान होतं. "आपा, गाडी रिकामी असतानाही वाकडीच उभी राहते. लोकांनी तुमच्याकडे पाहिलं तेव्हा मी बोलायला हवं होतं. बोललो नाही. बाळाला पाळण्यात तुम्हीच ठेवायचं आहे. तुमचा अदहम."

"हे कोकंदच्या पेटीत टाकू नका," सानोबर म्हणाली. "पोचेपर्यंत पोर चालायला लागेल."

म्हणून मास्तर गाडी काढून रिश्तानला गेले. टपाल कचेरीच्या भिंतीवरच्या पेटीत पत्र टाकायचं आणि कोणी पाहायच्या आत परत फिरायचं, असा त्यांचा बेत होता. पण कचेरी आपांच्या दारासमोरच होती, आणि आपा दारातल्या बाकावर बसून खरबुजाच्या बिया निवडत होत्या. मास्तर गाडीतून उतरले. त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य आलं ते त्यांनी ठरवलेलं नव्हतं.

"आपा, तुम्ही किती वाळलात!"

आपांचा झगा खांद्यावरून दुसऱ्याचा घातल्यासारखा लोंबत होता. "वसंतापासून नान सोडलंय," त्या बियांवरून नजर न उचलता म्हणाल्या. "पुलावही. टायर टिकलं ना मग?"

मास्तरांनी टोपी काढून हातात घेतली. "नाही, आपा. तुम्ही नव्हतात तरी झिजलं."

आपांचे हात थांबले. "म्हणजे मी उगाच उपाशी राहिले?"

"हो."

"आणि हे सांगायला तुला अख्खा उन्हाळा लागला?"

"लिहिलंय सगळं," मास्तरांनी खिशातून पाकीट काढून पुढे केलं. "म्हणजे सगळं नाही. थोडंच."

आपांनी हात मागे घेतला. "टपाल मी कधी असं कोणाच्या हातातून घेतलं नाही. तुझ्या हातून का घेऊ? समोर पेटी आहे. सकाळी वाटप होतं."

"पण परवा पाळणा आहे, आपा."

"मग उद्या वाचेन. वाचल्याशिवाय कसं सांगू?"

मास्तर रस्ता ओलांडून गेले. तिकीट नीट चिकटलंय का ते त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिलं, पाकीट पेटीत सोडलं, आणि पडलं की अडकलं हे कळेना म्हणून वाकून फटीत बोटं घातली.

"पडलंय, अदहम," मागून आपांचा आवाज आला. "तो आवाज मी ओळखते. ऊठ आता."