टिटवीच्या घरी चपला काढून

आमच्या शाळेच्या मैदानात शिरायचं तर चपला काढाव्या लागत. देवाबिवासाठी नव्हे हो, टिटवीसाठी! जळगावात मेहरूणकडच्या आमच्या प्राथमिक शाळेत मैदानाच्या मधोमध तिनं चार अंडी घातली आणि तिसरीला शिकवणारे नाना सर तिचे द्वारपाल झाले.

नाना मूळचे पिंपळनेरकडचे. एरवी पुस्तकी मराठी, पण एखादा जीव दिसला की गडी थेट अहिराणीत घसरायचा. "घर तिनं शे, आपण पाव्हना!" म्हणजे घर तिचं, आपण पाहुणे. मुंग्यांचं वारूळ असो, गटारातला बेडूक असो, पोरं रांगेत उभी. "हात मागे, डोळे पुढे!" कुणी काडी खुपसली की संपलंच. "तुझ्या घरात कोणी बांबू घातला तर?" मग वहीत लिहायचं : निवारा, अन्न, आवाज, सोबती. "पाहिलं तेच लिहा. मनचं नको."

मी खेळाचा मास्तर. खो-खोचे सामने तोंडावर आणि मैदान टिटवीच्या ताब्यात! "नाना, अंडी उचलून कुंपणाशी ठेवू," म्हटलं, तर आठवडाभर बोलले नाहीत. मग मीही पेटलो. ते डबा घेऊन स्टाफरूममध्ये आले की आम्ही सगळे चपला काढून, हात मागे बांधून उभे. "पाव्हना आला रे, पाव्हना!" पोट दुखेस्तोवर हसायचो. चौथ्या दिवसापासून नाना मैदानाच्या कडेला, निंबाखाली जेवू लागले. टिटवीची राखण करत असतील, म्हटलं बरंच झालं.

शेवटी मी केंद्रप्रमुखांकडे तक्रार केली. साहेब मार्चच्या भर दुपारी आले. नानांनी कडेलाच अडवलं. "साहेब, बूट." आणि जळगावची जमीन ती! साहेब मोज्यांवर, कधी या पायावर, कधी त्या.

"उड्या मारू नका साहेब, ती अंड्यांवरून उठेल."

नानांची बदली आता नक्की, मी मनात म्हटलं.

साहेब तापलेच. "यातून पोरं शिकतात काय?" नानांनी वह्यांचा गठ्ठा पुढे केला. साहेबांनी वरची वही माझ्या हातात कोंबली. "वाचा मोठ्यानं."

वही तिसरीतल्या रेश्माची. "मी निवडलेला जीव : आमचे नाना सर," मी वाचलं. साहेबसुद्धा हसले. मी आणखी रंगात आलो. "निवारा : निंबाखाली. अन्न : कळण्याची भाकरी, ठेचा. आवाज : आम्ही असलो की खूप. आम्ही गेलो की काहीच नाही. सोबती : आधी बाकीच्या सरांबरोबर जेवायचे. ते हसतात, म्हणून आता जात नाहीत. मी आठ दिवस पाहिलं. कोणीच येत नाही."

खाली लाल शाईत नानांचा शेरा होता : "बरोबर."

माझी मान वर होईना. लाज वाटली, सरळ सांगतो. नाना टिटवीकडेच बघत उभे होते. साहेबांनी बूट हातात घेतले आणि "खो-खो दुसऱ्या मैदानावर घ्या," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी डबा घेऊन निंबाकडे निघालो. नानांनी वर पाहिलं. पिशवी उचलून सावलीत जागा केली.

"या भाऊ," ते म्हणाले. "पण चपला?"

चपला माझ्या हातातच होत्या.