एका घरातले दोन तांबडे

रंगाच्या बाबतीत अख्ख्या लोणंदमध्ये माझ्याशी कुणी वाद घालत नाही! आलाच कुणी, तर मी त्याला खुर्चीवर बसवतो, चहा पाजतो आणि शेडकार्ड उघडतो. हजारभर रंग बघितले की वाद राहतो बाजूला आणि माणूस डोकेदुखीची गोळी मागतो.

मंडळी, रंगाला आकडा का दिला असेल, याचा कधी विचार केलाय? मी केलाय, कारण दुपारी माझ्या रंगाच्या दुकानात गिऱ्हाईक नसतं. एकजण म्हणतो, "मोरपंखी द्या." दुसराही म्हणतो, "मोरपंखी द्या." पण दोघांचे मोर वेगळे! म्हणून इंग्रजांनी त्यांच्या रंगांना आकडे दिले आणि स्वातंत्र्यानंतर आपण आपल्या. त्यामुळंच कारखान्यात नवीन लागलेल्या फिटरलाही कुठल्या पाइपातून पाणी जातं आणि कुठल्या पाइपातून गॅस, हे रंगावरून कळतं. एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांचं एका रंगावर एकमत होतं, हे मला फार मोठं वाटतं. आमच्या घरात संध्याकाळच्या भाजीवर होत नाही!

तर मी रंग मिसळायचं मशीन आणलं आणि सोबत रंग ओळखायचं एक हातात मावणारं यंत्र. कशावरही टेकवा, ते रंगाचा आकडा आणि नाव सांगतं. पहिल्या आठवड्यात मी पापडापासून शेजाऱ्याच्या स्कूटरपर्यंत सगळ्यांचे आकडे काढले. बायको, माया, लांबूनच म्हणाली, "माझ्या तोंडाला लावलंत तर बघा!"

अशात एके दिवशी नानासो आणि सुलाबाई दुकानात आले. दोघं मेंढपाळ. नानासो थोरले दीर आणि सुलाबाई त्यांच्या धाकट्या भावाची, बिरदेवची, बायको. बिरदेव गेल्या साली वारला आणि यंदा मेंढरांची वाटणी झाली. लोकर कातरली की मेंढरांच्या पाठीवर रंगाचा पट्टा ओढतात, म्हणजे रानात कुणाचं कुठलं ते कळतं. प्रत्येक घराचा रंग ठरलेला आणि पट्ट्याची जागाही ठरलेली. या घराचा रंग तांबडा. भांडण त्यावरूनच!

"थोरला मी. तांबडा माझा," नानासो म्हणाले. "तिनं दुसरा घ्यावा."

"मामंजींनी मला तांबड्या खुणेच्या घरात आणली," सुलाबाई म्हणाल्या. "मालक गेलं म्हणून मी परकी झाले व्हय? रंग सोडला की लोक म्हणत्याल, बाईला घरातनं काढली. म्या न्हाई सोडायची!"

डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज पक्का होता. मला राहवलं नाही. मी टाळी वाजवली.

"भांडायचं कारणच नाही! दोघांनाही तांबडा देतो. नानासो, तुमचा सहाशे चौदा. सुलाबाईंचा सहाशे सतरा. दोन्ही तांबडेच, पण सख्खे नाहीत, चुलत!"

सुलाबाईंनी दोन्ही डब्यांची झाकणं उजेडात धरली. "मला तर सारकंच दिसतंय."

"तुमच्या डोळ्यांचं सोडा, मावशी. यंत्राला विचारा!"

यंत्रानं दोन वेगळे आकडे दाखवले. दोघंही खूश झाली आणि मीही. शतकभराचं ज्ञान आज एका घराच्या उपयोगी पडलं, या आनंदात मी दुपारी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

महिन्याभरानं नानासोंचा फोन आला.

"शेठ, लय घोळ झालाय! तुमचं ते यंत्र घिऊन या!"

मी गाडीला किक मारली. झालं होतं असं की, खतासाठी दोघांचे कळप शेजारशेजारच्या रानांत बसवले होते. रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवर गाणी, गाण्यांवर हॉर्न आणि हॉर्नवर ड्रायव्हरची शिट्टी! मेंढरं जी उधळली ती कळपांभोवतीच्या दोन्ही जाळ्या पाडून एक झाली. आता तो एकच कळप निवांत उभा होता आणि दोन्ही मालक हमरीतुमरीवर आले होते. धष्टपुष्ट मेंढ्यांना दोन-दोन धनी होते आणि लंगड्यांना एकही नाही.

"लावा यंत्र!" नानासो म्हणाले.

मी पहिल्या मेंढीच्या पाठीवर यंत्र टेकवलं. महिन्याभराची धूळ, ऊन आणि दव खाल्लेला तो पट्टा. यंत्र म्हणालं, 'भाजकी वीट'. दुसरी मेंढी 'ओली वाळू' निघाली. तिसऱ्या मेंढ्यानं मला ढुशी मारून चिखलात बसवलं. त्याचा रंग आला, 'शांत सकाळ'!

"अवं, आदी यंत्र तरी धड हाय का बघा," नानासो वैतागले आणि त्यांनी आपलं तांबड्या पटक्याचं डोकं पुढं केलं. यंत्र टेकवलं. सहाशे सतरा!

"म्हंजे भाऊजीबी माझंच मेंढरू!" सुलाबाई म्हणाल्या. क्षणभर तिघंही हसलो.

मग सुलाबाई बांधावर बसल्या आणि हसता हसता रडू लागल्या. "रंग धरून बसले आन् मेंढरं घालवली. आता कशाच्या जिवावर ऱ्हायाचं?"

चिखलानं माखलेलं यंत्र हातात घेऊन मी उभा होतो. मला फार वाईट वाटलं. दोघांत भिंत घालायला निघालेलो मी नुसती रेघ ओढून आलो होतो, आणि तीही धुऊन गेली होती.

तेवढ्यात दोघांच्या तंबूंमागून, वेगवेगळ्या जाळ्यांत कोंडलेल्या कोकरांनी ओरडा सुरू केला. त्यांना पाजायची वेळ झाली होती. भांडणं काय, उद्याही होतील! सुलाबाई डोळे पुसत उठल्या आणि त्यांनी आपल्या कोकरांची जाळी उघडली. कोकरं सुटली. एकेक कोकरू बरोबर आपल्या आईला जाऊन ढुसण्या देऊ लागलं. आपलं असेल तर मेंढी पाजत होती, चुकून परकं आलं तर लाथ मारत होती.

सुलाबाई पाजणाऱ्या मेंढ्या एकेक करून बाजूला घेऊ लागल्या.  मग नानासोंनीही आपल्या कोकरांची जाळी उघडली. दिवस मावळेपर्यंत लेकुरवाळ्या सगळ्या वेगळ्या झाल्या. बाकी राहिलेल्यांकडं बोट करून नानासो एवढंच म्हणाले, "आदी तू निवड."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतोय तोच नानासो हजर!

"निळा द्या."

"सुलाबाईंना?"

"मला." ते पटका सारखा करत राहिले. "तांबडा तिला ऱ्हाऊ द्या. मी कुठला बी रंग लावला तरी मला कोन परका म्हननार न्हाई. तिला म्हनत्याल."

 रंगाचा दुकानदार जे करतो तेच मी केलं. शेडकार्ड उघडलं. "हा आकाशी बघा, हा समुद्री, हा..."

त्यांनी ते हळूच मिटवलं. "तांबड्यापासनं लांबचा असंल त्यो द्या."

मी फळीवरचा एक तयार डबा काढून दिला. "याचा आकडा लिहून देऊ का?" मी सवयीनं विचारलं.

"कशाला? निळा एकच तर असतोय!"

दुकानाच्या भिंतीवर निळ्याच्या साठेक छटा टांगलेल्या होत्या. मी त्यांच्याकडं पाठ केली आणि म्हणालो, "व्हय नानासो, एकच!"