नवमीची भजी

कांदेनवमीला वसुंधराबाईंनी घरातला कांदा न् कांदा शोधून काढला. यंदा दशमीचा क्षय, म्हणून उद्यापासूनच चातुर्मास. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण या चार महिन्यांत त्यांच्या घरात कांद्याचं सालपटसुद्धा कधी शिरलं नव्हतं. टोपलीत सात निघाले. मागच्या गॅलरीत, जुन्या घमेल्याच्या आड, काचेच्या पेल्यांवर बसवलेले आणखी सहा सापडले. पेल्यांत हिरवट पाणी, आणि कांद्यांना खालून पांढरी दाढी फुटलेली. पोरीनं पातीसाठी लावले असतील, असं म्हणून त्यांनी दाढ्या कापल्या, पाणी तुळशीला घातलं आणि तेराही कांद्यांची खेकडा भजी केली. एक ताटली समोरच्या रोझलिनकडे पाठवली.

संध्याकाळी क्षितिजा कॉलेजातून आली ती थेट गॅलरीत गेली.

"आई, माझे कांदे?"

"झाली की भजी. तुझ्यासाठी चार ठेवलीत."

क्षितिजा मटकन खालीच बसली. "अगं, ते एम.एस्सी.च्या प्रोजेक्टचे होते! निरगुडीच्या अर्कात ठेवलेले. त्या अर्कानं पेशीतली गुणसूत्रं मोडतात का, ते मुळांवरून कळतं."

"मग? मोडतात का?"

"तेच तर बघणार होते!"

सदानंदरावांचा हात भज्यासकट थांबला. "म्हणजे... आपली पण?"

"बाबा, किती खाल्लीत?"

"मोजून खायची असतात हे मला कुणी सांगितलं?"

वसुंधराबाईंच्या डोळ्यांपुढे मात्र समोरचं दार उभं राहिलं. त्या तशाच धावल्या.

"रोझलिन, ती भजी उरलीत का गं?"

"कुठली उरतात, वहिनी! जुलियानानं एकटीनं फस्त केली. सहावा महिना ना, चटकदार दिसलं की हाणते."

आतून सुनेचा आवाज आला, "आंटी, उद्या पण करा ना!"

वसुंधराबाईंनी रोझलिनला जिन्यात ओढून, कुजबुजत, सगळं सांगून टाकलं. रोझलिननं छातीवर क्रूस काढला. "मग नक्की काय ते कधी कळायचं?"

क्षितिजानं कॉलेजातल्या मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, एवढ्याशा अर्कानं बहुधा काही होत नाही. वसुंधराबाई जपाला बसल्या, पण माळेच्या प्रत्येक मण्याला नामाऐवजी 'बहुधा'च येऊ लागलं. शेवटी माळ बाजूला ठेवून त्या उठल्या.

"ते परत लाव. किती दिवस लागतात?"

"पाच. पण कांदे लागतील, आई. उद्या एकादशी. तुझं व्रत होऊ दे, मी चार महिने थांबते."

"चार महिन्यांनी त्या बाळाचा बाप्तिस्मा असेल. तोवर मी काय बहुधा-बहुधा करत बसू?"

एकादशीच्या सकाळी पूजा आटोपून, कपाळावर गंध, पोटात पाण्याचा थेंब नाही, अशा त्या वटार गावाहून येणाऱ्या भाजीवाल्या धोंडूबाईच्या पाटीपुढे उभ्या राहिल्या.

"रताळी देऊ, वयनी? सुरन?"

"कांदे दे. सहा." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "आणि हळू बोल."

धोंडूबाईचा हात तराजूवरच राहिला. "तुला? आज? कोन पावना आला काय?"

"खायला नाहीत गं. एक विचारायचंय त्यांना."

धोंडूबाईनं त्यांच्याकडे क्षणभर नीट पाहिलं. मग पाटीतले वरचे ओलसर कांदे बाजूला सारून तळातून सहा सुके, खणखणीत निवडून काढले.

"मंग हे ने. जुने हायत. खोटं नाय बोलायचे."